कॅनोपीतली धूळ: लोकरीच्या दोऱ्यांनी चोर दाखवला

माझ्या व्ही-क्रॉस पिकअपच्या कॅनोपीत, म्हणजे मागच्या हौद्यावर बसवलेल्या बंद टपात, धूळ कुठून येते ते अखेर कळलं! हौद्यात बसवायच्या ड्रॉवरचं काम याच्यासाठीच थांबवलं होतं. आधी हौदा स्वच्छ राहायला हवा, सुतारकाम मग.

मागच्या वेळेपर्यंतचं आठवत असेलच. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या दाराच्या) कडांना डी-सेक्शन ईपीडीएम रबर, म्हणजे डी आकाराची, ऊन-पाऊस सोसणारी रबरपट्टी, लावून झालं होतं. खडू घासून फाळका बंद केला की रबरावर पांढरी रेघ सलग उमटत होती. रात्री आत एलईडी लावून बाहेरून पाहिलं तर उजेडाची तिरीपही नव्हती. तरी अणुस्कुरा घाट उतरून राजापूरकडच्या सड्यावर कच्च्या रस्त्याला लागलं की पेट्यांवर जांभ्याची लाल धूळ बसायचीच. झिप लावलेल्या बॅगेतल्या तांदळापर्यंत पोचायची.

या वेळी बोटभर लांबीचे लोकरीचे दोरे कापले आणि फाळक्याच्या आतल्या कडेला, बिजागऱ्यांच्या कोपऱ्यांत, मागच्या काचेभोवती चिकटवले. आत दिवा आणि ॲक्शन कॅमेरा ठेवून गाडी पळवली. चित्रण पाहताना अक्षरशः टाळ्या वाजवल्या. वेग वाढला की खालच्या कोपऱ्यांतले दोरे आडवे होऊन आत फडफडतात, आणि काचेच्या वरच्या कडेचे दोरे बाहेर ओढले जातात!

पळत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, हे आपल्याला माहीत आहेच. माझ्या कॅनोपीची काच बिनफ्रेमची आहे. उभ्या गाडीत ती रबरावर घट्ट बसते, पण वेगात हा कमी दाब तिला किंचित उचलतो. तिथून आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा भरायला खालून धुळीची हवा शिरते: बिजागऱ्यांपाशी, आणि बेडलायनरखालच्या (हौद्यातल्या अस्तराखालच्या) पाणी जायच्या भोकांतून. उजेड सरळ जातो, हवा वळणं घेत जाते, म्हणून एलईडीला ही वाट दिसलीच नाही. याच वाटेने सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो, तेव्हा कॅनोपीत कुत्रा नेणाऱ्यांनी ही चाचणी जरूर करावी.

कोपऱ्यांत क्लोज्ड-सेल (हवा-पाणी आरपार न जाऊ देणाऱ्या) फोमचे तुकडे कापून बसवले, काचेचं लॅच एक आटा आत घेतलं. फरक लगेच जाणवला, पेट्यांचा मूळ रंग दिसतोय. पण भोकं कायमची बुजवणार नाही, पावसाळ्यात हौद्यातलं पाणी तिथूनच निघतं.

रबराबद्दल माझं मत पक्कं झालंय. पुण्याच्या बोहरी आळीत मीटरवर मिळणारं ईपीडीएमच घ्या. ॲक्सेसरीच्या दुकानातलं चकचकीत पीव्हीसी बीडिंग उन्हात कडक होतं आणि मग दाबलंच जात नाही. चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फटी बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं, हवं. व्हिनेगरचा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो.

उरलेल्या धुळीसाठी आतला दाबच वाढवायचा, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाईल. ऑस्ट्रेलियातले लोक यासाठी छपरावर फिल्टरवाला व्हेंट बसवतात. मी कॅनोपीची पुढची सरकती काच वापरणार होतो, छपराला भोक नको म्हणून. पण हे लिहितानाच लक्षात येतंय की ती काच केबिनच्या आडोशाला आहे, तिथे समोरचा वारा पोचणारच नाही. मग हवा आत घेणारं तोंड केबिनच्या छपरापेक्षा वर काढायला हवं. रूफ रॅकच्या पुढच्या आडव्या बारला स्कूप (समोरचा वारा पकडणारं तोंड) बांधून, तिथून लवचिक पाइप त्याच काचेच्या जागी बसवलेल्या ॲक्रिलिकच्या पट्टीत आणला तर? छप्परही शाबूत राहील. फिल्टर हॅचबॅक गाडीचा चपटा एअर फिल्टर, कुठेही मिळणारा. पावसात स्कूपला झाकण.

तेव्हा ड्रॉवरचा आराखडाही बदलतोय. पाइप आणि फिल्टरचा डबा डाव्या कोपऱ्यात येणार, म्हणून फ्रिजची स्लाइड उजवीकडे नेतोय. स्कूप बसला की तेच दोरे पुन्हा लावून त्याच रस्त्यावर गाडी नेणार. खालचे दोरे बाहेरच्या दिशेला वळले, तरच प्लायवूड कापायला घेईन.