हात

मंगळवार, रात्री

जेवताना धाकटीने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून पुढ्यात धरला. "आये, हे तुझेच हात मां?"

माझेच. उजव्या अंगठ्याच्या पेरावरचा काळा डाग, काजूबिया फोडायच्या कटरवर होते तेव्हा टरफलाच्या तेलाने पडलेला. खोबरेल चोळून, राख चोळून गेला नाही तो. बोटांत काजूचा गर, साल सुटते आहे. आणि मागून कसली तरी रडकी धून.

तो कॅमेरावाला मुलगा कारखान्यात आला होता खरा. शेठ म्हणाले, काम चालू ठेवा. आम्ही ठेवले. पण आम्ही हसत होतो! काकी मालिकेतल्या सासूची नक्कल करत होती, झोपतानासुद्धा नथ न काढणाऱ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते हसून. आमचा आवाज काढला आणि वर हे घातले. खाली लोकांनी लिहिलेय, बिचाऱ्या.

बिचाऱ्या का म्हणून? एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर बसले की तो ३२० नंबरचा माल. बोटांना ते न मोजता कळते. सुरी जरा जास्त दाबली की गर दुभंगून पाकळी होते, भाव पडतो. हे अंगवळणी पडायला मला दोन मोसम लागले. मजुरी पुरत नाही, पाठ धरते, तेही खरेच. कधी रडूही येते. पण ते... जाऊ दे.

दशावतारात पेटीवाला नटाकडे बघून सूर धरतो. राजाला रडायचे असेल तेव्हाच पेटी रडते. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, अशीच आमच्या वाडीतली माणसे ती. तरी रात्रीचे रडणे त्यांचे स्वतःचे. आमचे मात्र दुसऱ्यानेच ठरवले, न विचारता.

काकीला नेऊन दाखवले. "आमी खय रडत होतंव गो?" म्हणाली. पुन्हा बघितले. मग आवाज बंद करून पुन्हा. "माजी बांगडी बघ कशी दिसता." हिरवी, जत्रेतली.

आता मीही आवाज बंद करून बघत बसलेय, कितव्यांदा कोण जाणे. साल एका दमात निघते, गर अख्खा. चांगले चालतात माझे हात. शेवटी शेवटी बोटे थांबतात, जराशी थरथरतात. काकीने नाक वर केले ते तिथेच. तिथेच हसले मी.