मॅडम, कॉर्टिसोलही लावून टाका

थायरॉइड किंवा साखर तपासायला आलेली माणसं हल्ली हमखास विचारतात, "ताणाचीही टेस्ट असते ना? कॉर्टिसोल लावा की, स्ट्रेस किती आहे ते कळेल." पुण्यात लॅब चालवायची आणि टेस्टला नाही म्हणायचं, हे धंद्याला परवडणारं नाही. तरी बहुतेकांना मी नाहीच म्हणते. तुम्ही विचारलंत म्हणून कारण सांगते.

कॉर्टिसोल हे शरीरात बनणारं हॉर्मोन, आणि ते दिवसभर एका पातळीवर राहतच नाही. पहाटे चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. सकाळी 8 वाजता साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर, हे सगळंच नॉर्मल. एवढ्या रुंद पट्ट्यात तुमचं ऑफिसचं टेन्शन कुठे शोधू? हिंजवडीत कायम रात्रपाळी करणाऱ्याचं तर वेळापत्रकच सरकलेलं असू शकतं.

शिवाय येताना नळ स्टॉपला कोणी कट मारला, की ॲड्रेनलिन हे ताणाचं दुसरं हॉर्मोन काही सेकंदांत उसळतं, छाती धडधडते, आणि थोड्याच मिनिटांत ते ओसरतंही. कॉर्टिसोलचा निरोप लांबून येतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी रक्तावाटे मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना. म्हणून त्याची लाट 20-30 मिनिटांनी येते, नेमकी तुम्ही माझ्याकडे बाकावर बसून नंबराची वाट बघत असता तेव्हा. सुईची भीती असेल तर ती वेगळीच. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचा आकडा ताण नसतानाही जास्त दिसू शकतो, कारण गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसोल वाहून नेणारं प्रथिन रक्तात वाढतं.

आणि कॉर्टिसोलला खलनायक कशाला करायचं? रात्रभर उपाशी राहून तुम्ही सकाळी लॅबमध्ये धडधाकट येता, त्यात रक्तातली साखर टिकवणाऱ्या याचाही हात असतो. ॲडिसनच्या आजारात ते पुरेसं बनत नाही. तिथे साधा तापही जिवावर बेतू शकतो.

ॲडिसन किंवा कुशिंगची (म्हणजे कॉर्टिसोल फार वाढण्याच्या आजाराची) शंका असली, की डॉक्टर चिठ्ठीवर वेळेसकट टेस्ट लिहून देतात. तेव्हा मी आधी विचारते: दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन, खाजेचं मलम? बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं, की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं आवरतं घेतं. (म्हणूनच ती औषधं मनानं एकदम थांबवायची नसतात.) "मलम साधंच आहे हो," म्हणणाऱ्यांना मी घरून ट्यूबचा फोटो मागवायला लावते.