अमेरिकेच्या व्हिसाचा इंटरव्ह्यू अन् आमच्या गावचे कागद

नवरा तिकडे अन् बायको गावात, अशा आमच्या मोर्शी तालुक्यातल्या काही पोरींनी मला फोन करून विचारलं की ताई, मुंबईच्या इंटरव्ह्यूत काय काय विचारतात, तर एकदाच लिहून टाकते, सगळ्यांना लिंक पाठवता येईल. खरं सांगू का, काय विचारतात त्याच्यात फार काही नाही. खिडकीसमोर पाच-दहा मिनिटांचा कारभार. त्याच्या आधीचं जे आहे ना, ग्रामपंचायत, ठाणं, एक्स-रे, फोटोवाला, ती खरी परीक्षा आहे अन् तिची गाईड कुठं मिळत नाही.

आधी आमचं प्रकरण थोडक्यात. माझे मिस्टर लहानपणीच आईवडिलांसोबत अमेरिकेत गेले, तिथलेच सिटिझन आहेत. लग्न मात्र माझ्या मावशीनं जुळवलेलं, बायोडाटा, पाहणी, साक्षगंध, सगळं रीतसर. नवरा सिटिझन असला की तो तिकडे यूएससीआयएसकडे, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१३० भरतो, म्हणजे बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज, ती मंजूर झाली की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथं १२० अन् ३२५ डॉलरच्या फिया भरायच्या, मंग आपण ऑनलाइन डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा अर्ज, भरायचा, नवऱ्यानं आय-८६४ भरायचा म्हणजे मी हिला पोसीन असा लेखी शब्द द्यायचा, अन् त्याचं उत्पन्न तिथल्या गरिबीरेषेच्या १२५ टक्के तरी पाहिजे, नसलं तर दुसरा कोणी जॉइंट स्पॉन्सर शोधा. सगळे कागद बरोबर आहेत असं त्यांचं समाधान झालं की ते इंटरव्ह्यूची तारीख पाठवतात. नवरा ग्रीन कार्डवाला असेल तर एफ२ए नावाची वेगळी रांग आहे, त्याच्याबद्दल मी इथं बोलत नाही.

आता जन्माचा दाखला. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझा जन्म आजोळी, म्हणजे नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत. तिथं रजिस्टर उघडलं तर नोंद होती, तारीख बरोबर, बाबांचं नाव बरोबर, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा! कारण नोंद आबांनी केली जन्मल्यावर चार दिवसांत अन् माझं बारसं झालं त्याच्यानंतर, पुन्हा कोण जाते सांगायला. नाव नंतर टाकता येते पण नियमात १५ वर्षांची मुदत आहे, सरकारनं मुदतवाढ दिली होती म्हणून माझं जमलं. आणि ज्यांची नोंदच सापडत नाही त्यांनी आधी नोंद नसल्याचं, म्हणजे अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्यायचं अन् त्याच्यासोबत शाळेची टीसी वगैरे दुसरे पुरावे लावायचे. उशिरा नवी नोंद करायची म्हटलं तर एक वर्ष उलटल्यावर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, तर ते इंटरव्ह्यूच्या महिन्यात सुरू करायचं काम नाही.

त्याच्यावर नावांची भानगड. बाबांच्या नावामागं आधारवर 'राव' आहे, टीसीवर नाही. आईचं तर विचारूच नका, जन्माच्या रजिस्टरमध्ये आबांनी लेकीचं माहेरचं नाव लिहिलं अन् रेशनकार्डपासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळीकडे सासरी ठेवलेलं नाव. म्हणजे कागदावर मला दोन आया. वकिलाकडून एकाच बाईची दोन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करून जोडलं. आई बाजूला बसून म्हणे, "मीच हाओ ना वो ते, मले पाहून नाही समजत का त्याईले?" माझा पासपोर्ट अजून माहेरच्याच नावाचा आहे, तो बदलायची काही गरज नसते, व्हिसा पासपोर्टवरच्या नावानं मिळते, सासरचं नाव वापरत असाल तर डीएस-२६० मध्ये इतर नावांच्या जागी लिहायचं, बस. लोकं उगाच लग्न झालं की गॅझेट अन् नवा पासपोर्ट करत बसतात अन् मग एक कागद एका नावाचा अन् दुसरा दुसऱ्या.

लग्नाचा दाखला त्या मानानं सोपा. गावात विवाह निबंधक म्हणजे आपले ग्रामसेवकच, १९९८ च्या कायद्यानं, तीन साक्षीदार न्यायचे, सह्या करायच्या अन् नमुना 'ई' मधलं सर्टिफिकेट घ्यायचं (त्यांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय म्हणे, गावात अजून कोणी म्हणत नाही). इंग्रजी स्पेलिंग तिथंच, सही-शिक्क्याच्या आधी, पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर तपासा. आणि त्याच्यावर लग्नाची तारीख वेगळी, नोंदणीची वेगळी. लग्न कधी झालं असं विचारलं तर मांडवातली तारीख सांगायची. सोपं वाटते, पण माझ्या ओळखीतली एक जण खिडकीवर नोंदणीची तारीख सांगून आली अन् मग समजावताना रडकुंडीला आली.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसकडून मिळते, ५०० रुपये फी, ऑनलाइन अर्ज, आपल्याकडचं सगळं नागपूरच्या ऑफिसखाली येते. पण चौकशी होते आपल्या ठाण्यातून. पोलीस पाटलाला सोबत घेऊन जमादारसाहेब घरी आले, शेजारच्यांच्या सह्या घेतल्या, अन् संध्याकाळपर्यंत गावभर झालं की हिच्या घरी पोलीस आलते. पारावरचे एक आजोबा बाबांना विचारून राहिले, "काऊन गा, पोरीनं काही केलं का?" बाबा म्हणे, काही नाही केलं हेच लिहून घ्यायला आलते. त्याच्यावरही कोणाचा विश्वास बसला नाही.

मेडिकल इंटरव्ह्यूच्या आधी करायचं, अन् ते त्यांनी नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडेच, आपल्या सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट चालत नाही. मी मुंबईत केलं. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे अन् लसी. लहानपणचं लसीचं कार्ड आमच्याकडे कोणी सांभाळलं आहे, तर गोवर-गालगुंडापासून पुन्हा टोचून घ्या. एक्स-रेचं मात्र गंभीरपणे सांगते. छातीवर काही डाग दिसला तर तीन दिवस थुंकी तपासतात अन् कल्चरचा रिपोर्ट यायला दोन महिन्यांच्या आसपास जातात, तेवढं सगळं थांबते. ज्यांनी कधी टीबीचा कोर्स केला आहे त्यांनी लपवू नका, सरकारी दवाखान्यातलं ट्रीटमेंट कार्ड अन् जुना एक्स-रे सोबत न्या. टीबी होऊन गेला म्हणून व्हिसा जात नाही, पण लपवल्यावर डॉक्टर काय लिहीन ते आपल्या हातात राहत नाही. आपल्याकडे पोरीच्या टीबीबद्दल माहेरचे सासरी बोलत नाहीत, मला माहीत आहे, पण इथं बोला.

आता फोटो. लग्न खरं आहे हे दाखवायला फोटो लागतात अन् आमच्या फोटोवाल्यानं करिझ्मा अल्बम दिला, अकरा किलोचा वाटते, त्याच्यात आम्ही दोघं आयफेल टॉवरसमोर, बर्फाच्या डोंगरात, ट्यूलिपच्या शेतात. अमरावतीच्या पुढं मी तेव्हा नागपूरच पाहिलं होतं. हा अल्बम घेऊन गेले असते तर साहेबानं विचारलं असतं पॅरिसला कधी गेलते. फोटोवाल्याच्या मागं लागून कॉम्प्युटरमधून कच्चे फोटो काढून घेतले, ज्याच्यात दोन्हीकडचे म्हातारे दिसतात, पंगतीत पत्रावळीवर वांग्याची भाजी दिसते, मागं मंडपाचा फाटका पडदा दिसते, एका फोटोत आमचे हे घामानं थबथबलेले मे महिन्यातले. असेच फोटो पाहिजेत. प्रत्येकाच्या मागं पेननं तारीख, गाव अन् कोण कोण आहे ते लिहिलं. सोबत त्यांच्या येण्याजाण्याच्या तिकिटा, पासपोर्टवरचे शिक्के, अन् व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉल लॉगची थोडी पानं. थोडी म्हणजे थोडीच, चॅटचा गठ्ठा कोणी वाचत नाही अन् आपल्याला लाज वाटते ते वेगळं.

तालीम मामानं घेतली. मामा झेडपीचे रिटायर मास्तर, छपरीत खुर्ची टाकून साहेब बनून बसले, दोनशे पानी रजिस्टरमध्ये प्रश्न अन् उत्तरं लिहून आणलेले. "हं, सायेबानं विचारलं का नवऱ्याच्या गाडीचा नंबर काय, तं काय सांगशीन?" मी म्हटलं नाही माहीत. "मंग झाली नापास!" दोन दिवस मी पाठ केलं, सासूबाईंच्या जन्मतारखेपासून नवऱ्याच्या मॅनेजरच्या नावापर्यंत, अन् मग मिस्टरांनी फोनवर सांगितलं की हे सोडून दे, त्याच्यापेक्षा मी आय-१३० मध्ये काय लिहिलंय ते वाच. ते बरोबर होतं. त्यांनी भरलेल्या फॉर्मात आमची पहिली भेट कोणती धरली, पाहणीची का साक्षगंधाची, त्यांचा पत्ता मध्ये बदलला तो कोणत्या महिन्यात, हे मला ठाऊकच नव्हतं. अर्जातलं अन् तोंडातलं जुळलं पाहिजे, एवढीच तयारी. त्यांची नोकरी, कुठं राहतात, घरात कोण आहे, आधी लग्न झालं होतं का, झालं असेल तर घटस्फोटाचे कागद, हे नवऱ्याबायकोला तसंही माहीत पाहिजे. गाडीच्या नंबरचं मामानं कुठून आणलं मला आजपर्यंत समजलं नाही, बहुतेक युट्यूब.

बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं गेलो, मी अन् भाऊ. बोटांचे ठसे अन् फोटोची अपॉइंटमेंट आधीची वेगळी असते, ती मेडिकलच्याच फेरीत उरकली होती. कॉन्सुलेट बीकेसीत आहे, आत फोन नेता येत नाही, सोबतचा माणूस बाहेरच. ओरिजिनल सगळं घेऊन जा, अपलोड केलं म्हणून घरी ठेवू नका. आधी एका खिडकीवर कागद पाहतात, मग बसून राहा, मग दुसऱ्या खिडकीवर काचेपलीकडे अधिकारी. उजवा हात वर करून खरं सांगीन अशी शपथ. मराठीत बोलते म्हटलं, चालते तिथं, दुभाषी बाई बाजूला होत्या. मॅडमनं विचारलं कसं जुळलं, मी मावशीचं सांगितलं. लग्नाला किती लोकं होते? मी म्हटलं आठशे-हजार, दुभाषी बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं मॅडम गाव जेवते आमच्याकडे, दोन्ही वेळ. त्याच्यावर मॅडम हसल्या अन् फोटो मागितले. ते काय करतात, लग्नानंतर किती वेळा आले, तिकडे जाऊन तू काय करशील. मी म्हटलं माझं बी.एस्सी. ॲग्री झालं आहे, आधी गाडी शिकीन मग पाहीन. बस, एवढंच.

कागद कमी असला तर २२१(जी) ची चिठ्ठी देतात, ती पाहून घाबरू नका, त्याच्यात काय पाहिजे ते लिहिलेलं असते, तेवढं पाठवायचं. मला ती मिळाली नाही. व्हिसा पासपोर्टवर छापून आला की जायच्या आधी यूएससीआयएसची २३५ डॉलर फी ऑनलाइन भरायची, त्याच्याशिवाय ग्रीन कार्ड घरी येत नाही.

आता एक गोष्ट जी आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हती. तिकडे उतरायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसली तर सीआर-१ नावाचा व्हिसा, म्हणजे ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, अन् ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून पुन्हा सगळे पुरावे द्यायचे. दोन वर्षं झालेली असली तर आयआर-१, सरळ दहा वर्षांचं कार्ड. आमच्या लग्नाचा वाढदिवस व्हिसा आल्यावर थोड्याच आठवड्यांत पडते अन् व्हिसाची मुदत त्याच्या नंतरची आहे, ती मेडिकलवर ठरते, ती आधी पाहून घ्या. तर तिकीट वाढदिवसानंतरचं काढलंय. सासूबाईंना पटलं नाही, त्या म्हणतात पोरगा एकटा किती दिवस राहीन, मी म्हटलं आई, दोन आठवडे अन् एक अख्खी फाइल, तुम्हीच सांगा. उतरल्यावर तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला आपणच सांगायचं की दोन वर्षं झाली आहेत, आयआर-१ करा, त्याच्या लक्षात येईलच असं नाही. मॅरेज सर्टिफिकेट हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका.