बोट आली नाही तरी

सावंतवाडीपासून जुन्या गोव्यातल्या बाँ जेझुस बासिलिकापर्यंतची वाट 60-65 किलोमीटरची. तिथे ठेवलेल्या संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरला सुरू होते आणि 3 डिसेंबरला फेस्त, म्हणजे त्याचा सण. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगाव-कारवारकडून लोक चालत निघतात. झेवियरला आम्ही सायब म्हणतो, म्हणून आमच्या वाड्यावर हिला सायबाची वारी म्हणतात. माझा नवरा तरुणपणापासून ही वारी करायचा. यंदा तो घरी होता आणि मी रस्त्यावर.

गेल्या पावसाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय हळूहळू वळणावर येतोय, पण वाचा गेली. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात. त्याला सगळं कळतं, काय बोलायचं तेही ठाऊक असतं, शब्द मात्र हाताला लागत नाही. चहा हवा असतो आणि तोंडातून ‘दार’ निघतं. माझं नाव त्याला अजून घेता येत नाही. आणि संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाला की हाच माणूस ‘नमान मारिये’ ही मरियेची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत अडखळल्याशिवाय म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. स्पीच थेरपी देणाऱ्या बाईंनी नंतर समजावलं की लहानपणापासून तोंडात बसलेल्या प्रार्थना, गाणी, एक ते दहा आकडे अशा रुग्णांत पुष्कळदा शाबूत राहतात. आमेन झालं की त्याचे शब्द पुन्हा हरवतात.

या महिन्यांत लोकांनी माझी समजूत घालायचा खूप प्रयत्न केला. देव परीक्षा घेतो. ज्याच्यावर प्रेम असतं त्यालाच क्रूस देतो. एकीने तर हळूच विचारलं, घराण्यात काही जुनं पाप वगैरे? योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू सरळ सांगतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. नवव्या अध्यायात हे इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण ख्रिस्ती माणसं दुखणाइताच्या उशाशी बसून अजून तोच प्रश्न विचारतो, याचा मला मनापासून राग येतो.

आम्ही उजाडायच्या आत निघालो. बांद्याला तेरेखोल ओलांडली तेव्हा नदीवर धुकं होतं. पत्रादेवीला 1955 च्या गोवा मुक्ती सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. तिथे सगळे थांबले, एक प्रार्थना झाली आणि आम्ही गोव्यात शिरलो. पुढे चौपदरी महामार्ग. जुनी झाडं गेलीत, अकरानंतर डांबर चपलेतून भाजतं आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. पेडण्याच्या बाजूला एका घरासमोर, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, टेबल मांडून कोकम सरबत ठेवलं होतं. घरातल्या आजोबांनी प्रत्येकाला हात जोडले आणि म्हणाले, सायबाक आमचो नमस्कार सांगा.

माझ्या बाजूने एक मावशी चालत होत्या. त्यांचा तरुण मुलगा काही वर्षांपूर्वी गेला, हे मला आधीपासून माहीत होतं आणि माझ्या घरातलं त्यांना. कोलवाळच्या पुलापर्यंत त्या तेर्साखेरीज एक अक्षर बोलल्या नाहीत. पुलाच्या पलीकडे म्हणाल्या, “बस गो वायच. पाय बघ सुजले ते.” मग माझ्या टाचेला तेल लावून दिलं. बस, एवढंच. बायबलातल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र शेवटी चुकीचंच बोलले, पण सुरुवातीला ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. मावशींच्या सोबतीत मला ते सात दिवस कळले.

म्हापशाला मुक्काम. तिथली इगर्जही, म्हणजे चर्चही, मिलाग्रिस सायबिणीचीच, मरियेच्या त्या रूपाची, आमच्या सावंतवाडीसारखी. या सायबिणीला हिंदू घरंही मानतात, शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हणतात. रात्री पाय भिंतीला टेकवून पडलो असताना आमच्याबरोबरच्या फादरांनी झेवियरच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण त्या रात्री ती मला नव्याने लागली.

1542 मध्ये गोव्याला उतरला तेव्हा तो 36 वर्षांचा होता. किनारपट्टी, मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान असं सगळं चालून-तरून झाल्यावर त्याला चीनला जायचं होतं. वकिलातीबरोबर जायचा बेत मलाक्काच्या पोर्तुगीज कप्तानाने मोडला. मग 1552 मध्ये तो चीनच्या किनाऱ्यापासून सुमारे 14 किलोमीटरवरच्या सांचियन बेटावर जाऊन थांबला. परक्यांना चीनमध्ये शिरायला बंदी, पकडलं गेलं तर तुरुंग. एका चिनी व्यापाऱ्याशी चोरून नेण्याचा सौदा झाला, मोबदला मिरीच्या रूपात. झेवियर वाट पाहत राहिला. पोर्तुगीज जहाजं एकेक करून परतली. व्यापारी आला नाही. ताप चढला आणि 3 डिसेंबरच्या पहाटे झोपडीत तो गेला. जवळ अंतोनियो नावाचा तरुण चिनी ख्रिस्ती होता, त्याने मूठमाती दिली.

त्याच बेटावरून लिहिलेल्या पत्रात त्याने पुढचे धोके मोजले आहेत. व्यापारी पैसे घेऊन आपल्याला समुद्रात फेकेल. चीनमधल्या कँटनच्या अधिकाऱ्यासमोर नेलं तर छळ होईल. आणि या सगळ्यांहून मोठा धोका म्हणून तो लिहितो, देवाच्या दयेवरची आशा आणि भरवसा सुटणं. फादर हे सांगत होते आणि मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडले होते. बोट येईल, असं त्याने कुठेच लिहिलेलं नाही. त्याचा भरवसा बोटीवर नव्हता. आजपर्यंत मला वाटायचं, विश्वास म्हणजे नवऱ्याची वाचा परत येणार याची खात्री, आणि ती खात्री माझ्याजवळ नाही म्हणजे माझा विश्वास आटला. पण वाचा परत येणं ही माझी बोट आहे. ती हवीच आहे मला. ती न आली तरी ज्याच्याशी बोलायचं तो देव आहेच, हे वेगळं.

दुसऱ्या दिवशी पर्वरी, मांडवीचा पूल, पणजी. संध्याकाळी रायबंदरचा पोर्तुगीजांच्या काळातला सरळ लांबलचक बांध लागला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची जमीन. गोव्याच्या गावागावांतून रात्रीचं चालणारे लोक इथे मिसळतात आणि गर्दी वाढते. मोबाईलवर लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, लावलेली पोरं, काखेत बाळ घेतलेल्या आया, काठी टेकत चाललेली म्हातारी माणसं.

बासिलिकाच्या बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात. ज्याचं जे दुखतं ते आणायचं, पाय, हात, डोळे, बाळ. मी मेणाचं डोकं घेतलं आणि वाहिलं. आत रांग फार लांब. 1637 मध्ये गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली, सायबाचं शव ठेवलेली चांदीची पेटी वर उंचावर आहे, खालून तिची बाजू तेवढी दिसते.

तिथे मी मागणं मागितलं. गेथशेमानीच्या बागेत येशू आधी म्हणतो, हा प्याला माझ्यापासून टळून जावो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे त्यानंतर. आम्हाला शिकवताना पहिलं वाक्य घाईने उरकतात आणि दुसऱ्यावर थांबतात. मी पहिलं वाक्य पुरतं म्हटलं, नाव घेऊन, तपशिलासकट: त्याला बोलता येऊ दे, त्याने मला हाक मारू दे. दुसरं वाक्य अर्ध्यावर अडकलं, तेही तसंच सांगितलं. देवाला ते चालतं, असं मला वाटतं. किती वेळ, हे परमेश्वरा, असं विचारणारी स्तोत्रं त्यानेच आपल्या तोंडी ठेवलीत.

फेस्ताची मिस्सा मैदानात झाली. खाजं घेतलं आणि दुपारी बसने परतलो, कारण दुसऱ्या दिवशी थेरपी होती. त्याचा पाय आता चौकापर्यंत जाऊन येण्याइतपत चालतो. पुढच्या वर्षी त्याला रायबंदरपर्यंत गाडीने न्यायचं आणि तिथून सावकाश, लागेल तिथे बसत चालायचं, असं मावशींनी आणि मी ठरवलंय. तेर्स तो सांगेल, मागून आम्ही म्हणू.