नायगारा: आई-बाबा सोबत असताना बोटीचं तिकीट काढावं का?

आधीच सांगते, मी याआधी दोनदा नायगाराला गेलेय आणि दोन्ही वेळा धबधब्याच्या पायथ्याशी नेणाऱ्या बोटीत बसले नव्हते. पहिल्यांदा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत गेलो तर बोटी बंद झालेल्या (नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सीझन संपतो, हे तिथे जाऊन कळलं), दुसऱ्यांदा पोरगी दीड वर्षाची होती आणि रांग बघूनच तिने असं भोकाड पसरलं की आम्ही काठावरून फोटो काढून परत फिरलो. त्यामुळे बोट म्हणजे उगाच टुरिस्टांना लुटायचे धंदे, लांबून दिसतंय की सगळं, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं आणि मी ते लोकांना सांगायचेही.

यावेळी साताऱ्याहून आई-बाबा आले होते सहा महिन्यांसाठी. पोरांकडे अमेरिकेत आलेल्या आई-बाबांनी नायगारा न बघता परत जायचं म्हणजे सोसायटीत तोंड दाखवायची सोय नाही, त्यामुळे जून संपता संपता एक गुरुवार-शुक्रवार सुट्टी टाकली आणि न्यू जर्सीतून गाडीने निघालो. एडिसनहून न थांबता साडेसहा-सात तास लागतात पण आई-बाबा आणि आठ वर्षांची पोरगी असताना न थांबता जातंय कोण, आम्हाला नऊ लागले. वाटेत वॉटकिन्स ग्लेन करा असं सगळे सांगतात, छान आहे, घळीत 19 धबधबे आहेत, पण आठशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर विषय सोडून द्या.

आदल्या रात्री हॉटेलवर चर्चा सुरू झाली. तिकीट माणशी साधारण 30 डॉलर. बाबांनी लगेच मनातल्या मनात गुणाकार केला, "म्हणजे अडीच हजार रुपये? वीस मिनिटांचे? अगं ठोसेघरचा धबधबा आपण फुकटात बघतो." पुढचा बाउन्सर उंचीवर. नायगारा 57 मीटर आहे म्हटल्यावर म्हणाले जोग 253 मीटर, दूधसागर 310, मग हा कसला जगप्रसिद्ध? आईचं वेगळंच, तिला पाण्याची भीती, तुम्ही जा मी वर बाकावर बसते पिशव्या सांभाळत. नवरा म्हणाला बघू उद्या. मी गप्प बसले कारण इतकी वर्षं हेच तर मी बोलत होते.

आता मुख्य मुद्दा, जो मला तिसऱ्या वेळी कळला. नायगारा म्हणजे एक धबधबा नाही, तीन आहेत. अमेरिकन फॉल्स, त्याला चिकटून बारीकसा ब्रायडल व्हेल, आणि मोठा तो हॉर्सशू, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, जवळजवळ 90 टक्के पाणी त्याच्यावरूनच पडतं. पोस्टरवर, कॅलेंडरवर जो समोरून फोटो असतो तो कॅनडाच्या काठावरून काढलेला असतो. अमेरिकेच्या बाजूला तुम्ही धबधब्याच्या खांद्यावर उभे असता, एकदम जवळ, पाय भिजतील इतक्या जवळ, पण समोरून नाही. लग्नात स्टेजच्या मागे खुर्ची मिळाल्यासारखं, नवरी हाताच्या अंतरावर आहे पण दिसतोय अंबाडाच.

आणि कॅनडात आपल्याला जाता येतंच असं नाही. ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्ड दाखवून जाता येतं, पण भारतीय पासपोर्टवर एच-1बी वाल्यांना (नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना) कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, आणि टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तर लागतोच. आमच्याकडे कोणाकडेच नव्हता. (यावरून एक, धबधब्याच्या पार्कच्या शेजारूनच कॅनडात नेणाऱ्या रेनबो ब्रिजचा रस्ता जातो, जीपीएसच्या नादात चुकीच्या लेनमधे शिरू नका, पुलावर चढलात की परत फिरणं हे मोठं लफडं आहे.)

तर माझं गणित असं झालं: कॅनडाचा व्हिसा असेल तर काठावरच्या फूटपाथवरून सगळं समोरून फुकट दिसतं, तिथे बोट घेतली तर मजा, नाही घेतली तरी फार काही बिघडत नाही. पण फक्त अमेरिकेच्या बाजूनेच बघणार असाल तर हॉर्सशूच्या समोर जायचा एकमेव मार्ग ही बोट आहे. तिथे कंजुषी करू नका. आणि दोन्ही देशांतून बोटी सुटतात, अमेरिकेची मेड ऑफ द मिस्ट आणि कॅनडाची वेगळ्या कंपनीची, जातात दोन्ही त्याच ठिकाणी, इकडे निळे रेनकोट तिकडे लाल, एवढाच फरक. दोन्ही करायची अजिबात गरज नाही.

सकाळी लवकर गेलो, हे बरं केलं. पार्कला प्रवेश फी नाही (1885 पासूनचा स्टेट पार्क आहे, अमेरिकेतला सगळ्यात जुना म्हणतात), पार्किंगचे पैसे लागतात आणि अकरानंतर जवळची पार्किंग भरून जातात. बोट प्रॉस्पेक्ट पॉइंटवरून सुटते, तिथे दरीवर पुढे आलेला एक उंच टॉवर आहे, त्याच्या लिफ्टने खाली जायचं. टॉवरचं तिकीट बोटीच्या तिकिटातच येतं, त्यामुळे खाली जायच्या आधी टॉवरच्या टोकाला जाऊन फोटो काढून घ्या, बोटीत फोटो येत नाहीत, ते पुढे सांगते.

गुडघ्यांची काळजी असणाऱ्यांसाठी: रस्त्यापासून बोटीपर्यंत एकही जिना नाही चढला आम्ही. लिफ्ट, मग उतार, मग रांग, मग बोट. रांगेत मात्र उभं राहावं लागतं, आम्हाला सकाळी वीस-पंचवीस मिनिटं लागली, परत वर आलो तेव्हा तीच रांग तिप्पट झाली होती. बोटीतही सगळे उभेच असतात, वीस मिनिटं उभं राहता येत नसेल तर आधी विचार करा. बोटीला दोन मजले, वरचा उघडा. वर जायला जिना आहे तो आईने नाकारला, मग ती आणि नवरा खाली कठड्याला धरून, आणि मी, बाबा, पोरगी वर. खाली थोडं कमी भिजतं, पण कमी म्हणजे कोरडं नव्हे.

बोटी 2020 पासून पूर्ण बॅटरीवर चालतात, आमच्या बोटीचं नाव निकोला टेस्ला. माणसं चढ-उतर करतात तेवढ्या सात-आठ मिनिटांत चार्जिंग होतं. डिझेलचा धूर नाही, इंजिनाची घरघर नाही, आणि याचा खरा फायदा म्हणजे धबधब्याचा आवाज ऐकू येतो.

निघाल्यावर डाव्या हाताला अमेरिकन फॉल्स येतो, म्हणून चढलात की डावीकडचा कठडा पकडा. त्याच्या पायथ्याशी दगडांचा मोठा ढिगारा आहे, पाणी त्यावर आपटतं. 1969 मधे हा आख्खा फॉल्स बांध घालून काही महिने कोरडा केला होता अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांनी, ते दगड काढता येतील का बघायला, आणि मग ठरवलं की राहू देत. हे बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, आयुष्य कोयना-धोम-उरमोडीत गेलंय. धबधबा बंद करता येतो म्हटल्यावर त्यांची तीस डॉलरची तक्रार तिथेच संपली.

मग बोट हॉर्सशूच्या आत शिरते. आत म्हणजे खरंच आत, तिन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती आणि मधे आपण, बोट पुढे जायचा प्रयत्न करते आणि पाणी तिला मागे ढकलतं, मग काही मिनिटं ती तिथेच धडपडत उभी राहते. काही दिसत नाही. पांढरं, नुसतं पांढरं. चष्मा असेल तर तो काढून खिशात टाका, काही उपयोग नाही त्याचा. ऐकायचं मशीन असेल तर ते वरच पिशवीत ठेवून या. फोन झिपलॉकमधे. मी "एकच व्हिडिओ" म्हणून फोन बाहेर काढला आणि त्या व्हिडिओत माझा अंगठा आणि थेंब आहेत. पोरगी किंचाळत होती, बाबा ताठ उभे, पाटबंधाऱ्याच्या पाहणीला आल्यासारखे. मी वाकून खाली बघितलं तर आई, जी वर बाकावर पिशव्या सांभाळत बसणार होती ती, कठड्याला धरून तोंड वर करून हसत होती. आवाज येत नव्हता काही, फक्त दात दिसत होते. तिला एवढं हसताना मी शेवटचं कधी बघितलं ते आठवेना.

पाच-सात मिनिटांत बोट वळते आणि मग नुसतं परतणं. वीस मिनिटांपैकी पैसे आहेत ते या पाच-सात मिनिटांचे, हे मनात धरून जा म्हणजे निराश होणार नाही.

रेनकोट देतात तो पातळ प्लास्टिकचा, डोकं आणि पोट वाचतं, गुडघ्याखालचं सगळं भिजतं. जीन्स घालू नका, मी घातली आणि दुपारी तीनपर्यंत चिकटत होती. एक जोडी कपडे आणि मोजे गाडीत हवेतच, लहान मुलांचे दोन.

उतरल्यावर बाबा बाकावर बसले आणि पेन मागितलं. त्यांना मी सांगितलं होतं की 1950 च्या अमेरिका-कॅनडा कराराप्रमाणे टुरिस्ट सीझनमधे दिवसा कमीत कमी एक लाख क्युसेक (म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट) पाणी धबधब्यावर सोडावंच लागतं, आणि रात्री ते अर्ध्यावर आणतात, उरलेलं दोन्ही देश वीज करायला वळवतात. "एक लाख क्युसेक?" पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की टीव्हीवर आकडे येतात ना, त्या भाषेतला माणूस तो. तिकिटाच्या मागे मांडलं: एक लाख क्युसेक म्हणजे दिवसाला साडेआठ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) वर, कोयना 105 टीएमसी, म्हणजे आख्खं कोयना धरण रिकामं असेल तर बारा दिवसांत काठोकाठ. "उंचीचं काय घेऊन बसलीस," मला म्हणाले, जसं काही उंचीचं मीच काढलं होतं.

दुपारी गोट आयलंडवर गेलो. तिथे केव्ह ऑफ द विंड्स आहे, लिफ्टने खाली आणि मग लाकडी जिन्यांवरून ब्रायडल व्हेलच्या अगदी वीस फुटांवर जाता येतं. खरं सांगायचं तर अंगावर पाणी घ्यायची मजा तिथे बोटीपेक्षा जास्त, पण ते जिने ओले आणि गर्दीचे, आई-बाबांना नाही नेलं. ते दोघं वर थांबले आणि आम्ही तिघं आळीपाळीने नव्हे, एकदमच जाऊन आलो. धडधाकट असाल आणि दोन्हींचं बजेट असेल तर दोन्ही करा, पण आधी बोट मग हे. बोट आणि गोट आयलंड यांच्यात पुलावरून दहा-पंधरा मिनिटं चालणं आहे, आई-बाबांसोबत असाल तर गाडी हलवून आयलंडच्या पार्किंगला लावा, दुसऱ्यांदा पैसे गेले तरी चालतील. आयलंडच्या टोकाला टेरापिन पॉइंट आहे, हॉर्सशूची कडाच, आणि ते एकदम फुकट. सकाळी ऊन पाठीमागून येतं तेव्हा तिथे इंद्रधनुष्य दिसतं, आम्ही दुपारी गेल्यामुळे हुकलं, तुम्ही हुकवू नका.

तिथून वरच्या अंगाला बघितलं तर नदीत एक ठेंगणी लांब भिंतवजा रचना दिसते. बाबांनी ती न सांगता ओळखली. "दरवाजे आहेत ते. किती आहेत?" गूगल केलं, 18.

जेवणाची चिंता करू नका, पार्कच्या बाहेर देशी हॉटेलांची रांग आहे, सगळीकडे तीच पनीर बटर मसाला. आम्ही थालीपिठं नेली होती, ओल्या कपड्यांत बाकावर बसून लोणच्याबरोबर खाल्ली.

रात्री रंगीत दिवे सोडतात धबधब्यावर, ते माझ्या मते लग्नाच्या हॉलसारखं दिसतं पण पोरीला फार आवडलं. साडेनऊला आम्ही निघायला उठलो तर बाबा हलेनात. उन्हाळ्यात दिवसाचं पाणी रात्री दहापर्यंत, मग कमी करायला सुरुवात, हे मीच सांगून बसले होते. मग दहा वाजून गेले, सव्वादहा झाले, गारठा सुटला, आई पेंगायला लागली, पोरगी नवऱ्याच्या खांद्यावर झोपली, आणि बाबा रेलिंगला टेकून घड्याळ आणि पाणी, घड्याळ आणि पाणी. मला काही फरक दिसला नाही. "कमी झालं," ते म्हणाले, "चला."