बंगारामचा आराम: आधी कागद, मग समुद्र

लक्षद्वीपला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न हॉटेलचा नसतो, परमिटचा असतो. आपल्याच देशातला केंद्रशासित प्रदेश, तरी तिथं पाय ठेवायला भारतीय माणसालाही प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांपासून ही पद्धत चालत आली आहे. बेटं एकूण ३६, त्यांतल्या १० वर वस्ती, आणि सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. उद्या सुट्टी पडली म्हणून आज रात्री बॅग भरून निघालो, असं इथं जमत नाही. मला ते पटतं, पण कागद गोळा करताना तोंडातून चार शब्द निघतातच.

आम्हाला बंगारामला जायचं होतं. बेट छोटं, त्यावर गाव नाही. माडांची झाडी, रिसॉर्टच्या खोल्या आणि भोवती लगून, म्हणजे प्रवाळाच्या कडेआड अडलेलं उथळ, शांत पाणी. परवान्यासाठी आमच्या वेळी राहण्याचं बुकिंग, ओळखपत्र, फोटो आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागला. अर्ज रिसॉर्टवाल्यांनीच पुढे सरकवला. पोलीस ठाण्यात मात्र स्वतः जावं लागलं.

ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, हे परदेशात येतं ना? पासपोर्टवाल्या टेबलाकडे जा."

"नाही हो, भारतातच आहे. केरळच्या पलीकडे, समुद्रात."

"मग दाखला कशाला? तिथं काम काय निघालं?"

"काम काही नाही. आराम करायला जातोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ घुटमळलं. शेवटी 'पर्यटन' लिहून त्यांनी विषय संपवला.

दाखल्यापेक्षा कटकटीचं काम म्हणजे तारखा जुळवणं. बंगारामला विमानतळ नाही. कोचीहून अगत्ती या लक्षद्वीपच्याच दुसऱ्या बेटावर उडायचं आणि तिथून बोटीने जायचं. अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटर लांब, त्यामुळे तिथं पंख्यांची छोटी विमानंच उतरतात आणि जागा मोजक्या. खोली मिळते तेव्हा विमान भरलेलं, विमानात जागा असते तेव्हा खोली नाही. जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं, दोन्हींच्या तारखा आधी समोरासमोर ठेवा, मगच पैसे भरा. आणि पावसाळ्यात जाऊच नका. मेच्या मध्यापासून समुद्र खवळतो, बोटींचा भरवसा राहत नाही.

कोचीच्या विमानतळावर परवान्याची छापील प्रत मागितली. ती काढून दिली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता खरंच चाललो. दीडेक तासाने खाली अगत्ती दिसलं. एका टोकाला निमुळती होत गेलेली जमिनीची पट्टी, तिच्यावर धावपट्टी, दोन्ही बाजूंना पाणी. विमान उतरत असताना खिडकीतून जमीन दिसतच नाही. शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. मला मिटावेसे वाटले नाहीत.

बोटीचा प्रवास आधी लगूनमधून शांतपणे होतो. प्रवाळाची कड ओलांडली की मोकळा समुद्र लागतो आणि बोट आपटायला लागते. मग पुन्हा दुसऱ्या लगूनमध्ये शिरलो की पाणी इतकं निवळ, की बोटीची सावली तळाच्या वाळूवर बरोबरीने पळताना दिसते.

आराम मात्र लगेच आला नाही. नेटवर्क येऊन-जाऊन, टीव्ही बघायला आलो नव्हतो, आणि बेटाची प्रदक्षिणा निवांत चाललं तरी तास-सव्वा तासात संपते. मधे केवड्याच्या जाळीने वेढलेलं एक तळं आहे, तेही बघून झालं. नवरा दर अर्ध्या तासाने "आता काय करायचं?" विचारायचा. मी पुस्तक उघडून तेच पान परत परत वाचत होते. जेवणाच्या वेळा सोडल्या तर कुणी आम्हाला काही करायला सांगत नव्हतं, आणि त्याचीच सवय नव्हती.

ही बेचैनी स्नॉर्केलिंगने मोडली. मला पोहता येतं, पण डोळ्यांवर काच लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यात पालथं पडून राहायचं म्हणजे अंगातली प्रत्येक सवय विरोधात जाते. शिकवणारा मुलगा अगत्तीचाच. त्याने आधी गुडघाभर पाण्यात उभं करून फक्त चेहरा बुडवायला लावला. "दीदी, तैरना नहीं है, बस देखना है," एवढंच त्याचं पालुपद. मान सैल सोडली आणि श्वास लागला. मग ऐकू आलं कुर्रकुर्र, कुणीतरी जवळच खडीसाखर चावत असल्यासारखं. तो पोपटमासा होता, चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडणारा. प्रवाळावरचं शेवाळ त्याच्या पोटात जातं आणि दळला गेलेला चुना मागून पांढऱ्या भुकटीसारखा बाहेर पडतो. तो ढग माझ्या काचेसमोर पसरला. आम्ही ज्या वाळूवर चटई टाकून पडत होतो, तिच्यातली बरीचशी अशीच तयार होते, हे कळल्यावर वाळूकडे बघायची नजर बदलली. थोडं हसूही आलं.

सगळंच रंगीत नाही, हेही सांगायला हवं. बराचसा प्रवाळ करडा, मेलेला होता. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून इथले प्रवाळ पांढरे पडले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच झालं. माहितीपत्रकात फक्त रंगीत फोटो असतात, म्हणून मनाची तयारी करून जावं.

त्यानंतर दिवस आपोआप सैल झाले. सकाळी पाणी, दुपारी माडाखाली झोप, संध्याकाळी शंखातले खेकडे चालताना बघणं. नवऱ्याचा "आता काय" कधी बंद झाला ते आठवतही नाही. आंघोळीचं पाणी मात्र आम्ही दोघंही जपून वापरायला लागलो. अशा बेटांवर पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, जास्त उपसलं तर खालचं खारं वर येतं, हे कळल्यावर नळ मोकळा सोडवत नाही.

परतीच्या आधीची रात्र अगत्तीला काढली. लगूनमध्ये हिरवी कासवं डोकं वर काढत होती, आम्ही आनंदाने मोजत होतो. धक्क्यावरचे एक मच्छीमार चाचा म्हणाले, तुम्हाला गंमत वाटते, आमचं पाण्यातलं गवत यांनी संपवलं, गवत गेलं तसे मासेही गेले. कासवांना मारता येत नाही आणि मारूही नये, हेही त्यांनीच सांगितलं. तक्रार करून झाल्यावर जाळं आवरता आवरता त्यांनी आम्हाला सगळ्यात मोठं कासव कुठल्या बाजूला येतं ते दाखवलं.

विमानतळावर सामान तपासताना आमच्या पुढच्या कुटुंबाला थांबवलं. मुलाच्या खिशात प्रवाळाचे तुकडे होते. प्रवाळ बेटाबाहेर न्यायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. वडील वाद घालू लागले, "अहो, किनाऱ्यावर पडलेले होते, मेलेलेच आहेत."

"साहब, हम लोग मरे हुए पर ही तो रहते हैं," तपासणारा म्हणाला आणि खोकं पुढे केलं.

मुलाने एक खिसा रिकामा केला. मग वडिलांकडे बघत दुसराही.