आमची वाटचाल: लगीनसराई आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती

सांगलीत विश्रामबागेत आमचे व्हिडिओ मिक्सिंगचे छोटे युनिट आहे. धाकटा भाऊ, दोन एडिटर आणि मी असे चौघे जण तीन संगणकांवर वर्षाला साठ-सत्तर लग्ने, काही वास्तुशांती व बारशी आणि अधूनमधून एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत एवढे काम करतो. ‘मिक्सिंग’ हा शब्द नव्या मुलांना जुनाट वाटतो. पण १९९९ मध्ये दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर (दोन फितींवरची चित्रे एकत्र करणारे यंत्र) एवढ्या भांडवलावर सुरुवात केली तेव्हा खरोखरच मिक्सिंग होत असे, आणि दुकानाच्या पाटीवर अजून तोच शब्द आहे.

इतक्या वर्षांत व्यवसायबंधूंनी आम्हाला एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे ‘नवीन व्हर्जन घेतले का?’ ग्राहकाने हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. त्याला फक्त आहेराच्या वेळी मामा दिसले की नाही आणि फीत कधी मिळणार, एवढेच हवे असते.

२००४ मध्ये आम्ही मिनी डीव्हीचा, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटचा, कॅमेरा आणि पहिला संगणक घेतला. साठ मिनिटांची कॅसेट फायरवायरच्या तारेने संगणकात उतरवायला साठच मिनिटे लागत, तासाच्या चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा जाई आणि ८० जीबीची हार्ड डिस्क सहा कॅसेटमध्ये भरून जाई. सॉफ्टवेअर दुकानदाराने संगणकाबरोबर ‘टाकून’ दिलेले होते. आमच्या धंद्यात ती तेव्हा सर्रास रीत होती आणि आम्ही तिला अपवाद नव्हतो, हे लिहायला आज संकोच वाटतो. परंतु ते लपवून ही हकिगत पुरी होणार नाही, कारण त्या काळात नव्या आवृत्तीची किंमत एक सीडी आणि एक चहा एवढीच होती. २०१० मध्ये आम्ही पहिल्यांदा रीतसर परवाना विकत घेतला, आणि तेव्हापासून ‘आता घ्यावे की थांबावे’ हा प्रश्न आमच्यासाठी खरा झाला.

थांबण्याचा पहिला धडा आम्ही दुसऱ्यांकडे पाहून घेतला. जून २०११ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो टेन हे मॅक संगणकावरचे एडिटिंगचे सॉफ्टवेअर बाजारात आणले, त्यात आधीच्या फायनल कटचे प्रोजेक्ट, म्हणजे चालू कामाच्या फाइली, उघडत नव्हते आणि जुन्या आवृत्तीची विक्रीही त्याच सुमारास थांबवण्यात आली. आमच्याकडे मॅक नव्हताच. तरीही हातातले अर्धे काम एका बाजूला आणि नवे सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला अशी जगभरच्या एडिटरांची झालेली अवस्था वाचून आम्ही सावध झालो. पुढे मे २०१३ मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने यापुढे कायमच्या परवान्याऐवजी मासिक वर्गणीच असेल असे जाहीर केले, आणि त्याच वर्षी आलेले एडियस ७ हे एडिटिंगचे सॉफ्टवेअर फक्त ६४-बिट विंडोजवर चालणारे होते. म्हणजे सॉफ्टवेअर बदलायचे तर विंडोज बदला, विंडोज बदलायचे तर संगणक बदला, अशी साखळी होती. आम्ही वर्षभर थांबलो आणि ८ एप्रिल २०१४ रोजी आमच्या यंत्रांवरच्या विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे, मायक्रोसॉफ्टने काढून घेतल्यावर पावसाळ्यात तिन्ही यंत्रे एकदम बदलली. तो बदल सुखाने झाला, आणि बहुधा म्हणूनच पुढच्या वर्षी आम्ही गाफील राहिलो.

२०१५ मध्ये तुळशीची लग्ने उरकून हंगाम सुरू झाला होता. आम्ही वापरत होतो त्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर थोड्या दिवसांपुरती सवलत होती, ती हातची जाऊ नये म्हणून मी ती घेतली आणि एकाच संध्याकाळी तिन्ही संगणकांवर चढवली. हातात एकोणीस लग्ने अर्धवट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्ट उघडले तर चित्रे, गाणी, कट सगळे जागच्या जागी होते, मात्र जिथे जिथे वधूवरांची नावे होती तिथे रिकामी चौकट होती. टायटलसाठी आम्ही वापरत असलेले दुसऱ्या कंपनीचे जोड-सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीला ओळखूच येत नव्हते. नावे नव्या टायटलरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या अक्षरे लिहिण्याच्या भागात, पुन्हा टाकावीत म्हटले, तर त्यातला पहिला मजकूर होता ‘चि. सौ. कां. ज्योत्स्ना’, आणि पडद्यावर ‘त’ आणि ‘स’ पाय मोडलेले, ‘न’ एकटा बाजूला आणि ‘चि’ची वेलांटी ‘च’च्या उजवीकडे जाऊन बसलेली. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की काम भागते. देवनागरीला मात्र अक्षरे एकमेकांत गुंफणारी यंत्रणा सॉफ्टवेअरच्या पोटात असावी लागते, आणि त्या टायटलरमध्ये ती नव्हती. शेवटी प्रत्येक नाव फोटोशॉपमध्ये जुन्या फॉन्टने लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र करून, ते टाइमलाइनवर, म्हणजे दृश्ये ओळीने मांडायच्या पट्टीवर, ठेवावे लागले. त्यात अकरा दिवस गेले. एका नवरदेवाचे दुबईचे विमान होते. त्याला नावांशिवायची फीत पेन ड्राइव्हवर देऊन आम्ही वेळ मारून नेली आणि खरी फीत नंतर कुरिअरने पाठवली. त्याच्या आईने फोनवर जे सुनावले त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे अपग्रेडचा हंगाम ठरलेला आहे: आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी. चातुर्मासातही हल्ली काढीव मुहूर्तांवर लग्ने होतात, तरी युनिटमध्ये श्वास घ्यायला जागा असते. नवी आवृत्ती आधी भावाच्या संगणकावर येते, त्यावर मागच्या हंगामातले एक पूर्ण लग्न उघडून मेंदीपासून पाठवणीपर्यंत पुन्हा काढले जाते, आणि टायटलरमध्ये ‘ज्योत्स्ना’, ‘लक्ष्मी’ व ‘किरण’ ही तीन नावे लिहून पाहिली जातात. ‘किरण’ साधे दिसते, पण पहिल्या वेलांटीची चोरी तिथेच पकडली जाते. मूळ प्रोजेक्टची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवल्याखेरीज नव्या आवृत्तीत काहीही उघडायचे नाही, कारण नव्यात जतन केलेले काम जुन्यात सहसा उघडत नाही आणि परतीची वाट तिथेच बंद होते.

या शिस्तीचा कस २०२२ मध्ये लागला. बाहेरून बोलावलेले कॅमेरामन सोनीचे ए ७ एस थ्री आणि ए ७ फोर हे कॅमेरे आणू लागले होते. त्यांतले १०-बिट, ४:२:२ प्रकारचे एच २६५ चित्रण (म्हणजे रंगांची जादा माहिती घट्ट दाबून साठवलेले) सेकंदाला २०० मेगाबिटपर्यंत सहज जाते, म्हणजे तासाला सुमारे ९० जीबी. ते टाइमलाइनवर टाकले की चित्र चार पावले चालून थांबे. एडिटरने माझ्याकडे तगादा लावला. ‘दादा, हे व्हर्जन जुने झाले, आता नवीन घेऊनच टाकू या.’ मी म्हणालो, ‘अक्षय्य तृतीयेची सात लग्ने आहेत, ती जाऊ देत, मग बोलू.’ तो मनातून नाराज झाला. तोवर आम्ही रात्रभर यंत्रे चालू ठेवून सगळ्या चित्रणाच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करत होतो आणि दिवसा त्यांवर काम करून शेवटच्या रेंडरला, म्हणजे पूर्ण फीत बाहेर काढताना, मूळ चित्रण जोडत होतो. काम होत होते, पण रोज एक रात्र खर्ची पडत होती.

आषाढात आम्ही नव्या आवृत्तीची महिनाभराची चाचणी प्रत भावाच्या यंत्रावर चढवली, आणि चित्र तसेच अडखळत राहिले. पैसे भरून हे कळले असते तर किती जड गेले असते, याचा विचार मी अजून करतो. दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. एच २६५ चित्रण उलगडण्याचे काम संगणकातील खास परिपथ करतात, आणि आमच्या ग्राफिक्स कार्डातले परिपथ ४:२:२ प्रकार उलगडू शकत नव्हते. एनव्हिडियाच्या कार्डांत ती सोय थेट २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत झाली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये मात्र ती होती, आणि आमचा प्रोसेसर अकराव्या पिढीचाच होता. फक्त त्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर होते, ज्याचा अर्थ अंगभूत ग्राफिक्स नाही असा होतो. वर्षभरापूर्वी विक्रेत्याने ‘तुम्ही वेगळे कार्ड घालणारच आहात, मग हे कशाला हवे’ असे सांगून दीड-दोन हजार वाचवून दिले होते, आणि आम्ही त्याचे आभार मानले होते.

प्रोसेसर बदलला, बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, अंगभूत ग्राफिक्स चालू केले आणि त्याच्याशी नीट जुळणारा दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा सशुल्क परवाना एका यंत्रासाठी घेतला. त्याची किंमत २९५ डॉलर होती आणि ती एकदाच भरायची होती. याला आमच्या लेखी फार महत्त्व आहे. लग्नाच्या धंद्यात पैसा सात-आठ महिने येतो आणि उरलेले महिने तो पुरवून खायचा असतो. मासिक वर्गणी मात्र श्रावणातही खात्यातून जाते. मोठ्या स्टुडिओला जे सोयीचे ते आपल्यालाही सोयीचे असते असे मी पूर्वी मानत असे, आता मानत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही आधार संपला आणि आमचा सर्वांत जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसला नाही, कारण त्याचा इंटेल प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे. भावाचे मत तो काढून टाकावा असे होते. मी त्याची इंटरनेटची तार काढली आणि तो कोपऱ्यात ठेवला, कारण त्यावर जुन्या आवृत्तीत, जुन्या टायटल-जोडणीसह, मागच्या दशकातील लग्नांचे प्रोजेक्ट अजून उघडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा आम्ही आधी त्या प्रोजेक्टच्या हार्ड डिस्क उचलल्या होत्या आणि मग संगणक. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले, त्यांना वारलेल्या वडिलांचे आशीर्वादाचे दृश्य मुलीच्या लग्नाच्या फितीतून वेगळे काढून हवे होते. कोपऱ्यातला संगणक सुरू व्हायला चार मिनिटे लागली. प्रोजेक्ट उघडला, नावेही सगळी दिसली.

सध्या लगीनसराई चालू आहे. दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर रोज सकाळी नवी आवृत्ती उपलब्ध असल्याची चौकट येते, एडिटर ती न वाचता बंद करतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आषाढी एकादशीच्या चौकोनात त्याने आधीच पेन्सिलने ‘अपग्रेड बघणे’ असे लिहून ठेवले आहे.